वायरलेस बोलतो, पण ऐकतं कोण? केबलवर छापलेलं वाचू नका, केबल मोजा



आजची पोस्ट लांब आहे. पण नवा हंगाम सुरू व्हायच्या आत प्रत्येक मालकाने आणि प्रत्येक तांडेलाने ती एकदा तरी पूर्ण वाचावी, ही विनंती.

गेल्या हंगामात आपल्या एका ट्रॉलरचा गिअरबॉक्स रात्रीच्या वेळी भर समुद्रात बसला. पाणी पंधरा वाव, ओढ दक्षिणेकडे. नांगर टाकला तर तो नीट धरेना. तांडेलांनी वायरलेसवर चॅनल १६ लावला आणि हाक मारायला सुरुवात केली. एक तास झाला, दीड तास झाला, उत्तर नाही. त्याच वेळी आपलेच दुसरे दोन ट्रॉलर तिथून पाच-सहा मैलांवर जाळं ओढत होते. दोघांचेही सेट चालू होते, दोघेही चॅनल १६ वरच होते. पण कोणालाही एक शब्द ऐकू आला नाही. शेवटी एका खलाशाच्या मोबाईलला मध्येच एक काडी रेंज आली, फोन लागला, आणि पहाटे दुसऱ्या ट्रॉलरने दोर टाकून ओढून आणलं. माणसं सुखरूप आली, देवाची कृपा.

जेटीवर उतरल्यावर तांडेल काका एवढंच म्हणाले, "सेक्रेटरी, सेट बोलत होता. बटण दाबलं की दिवा लागत होता. पण ऐकणारं कोणी नव्हतं."

हे वाक्य आमच्या डोक्यातून गेलं नाही.

सगळं "ओके" होतं

पहिला संशय सेटवर. तो काढून दुरुस्तीला पाठवला. आठ दिवसांनी परत आला, सेटमध्ये दोष नाही. मग संशय अँटेनावर. नवीन अँटेना बसवली. मग मेकॅनिकला बोलावून एसडब्ल्यूआर मीटर लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: सेटमधून गेलेली ताकद अँटेनापर्यंत जाऊन किती परत फिरते, ते हा मीटर दाखवतो. १ म्हणजे काहीच परत येत नाही, ३ म्हणजे बरंच परत येतं. काटा १.३ वर थांबला. मेकॅनिक म्हणाला, "एकदम फर्स्ट क्लास." आम्हीही समाधान मानलं, पैसे दिले. आणि ट्रॉलर जेटीपासून थोडा लांब नेऊन बोलून बघितलं तर आवाज पहिल्यासारखाच खरखरीत आणि तुटक.

पुढे १ जूनला बंदी लागली. ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बांधलेले, त्यामुळे हाताशी वेळ होता. आपल्याच एका सभासदाचा मुलगा आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलाय, त्याला हॅम रेडिओचा नाद आहे. तो एक दिवस खिशातून मोबाईलपेक्षाही लहान एक यंत्र घेऊन आला. यंत्र काढण्याआधी त्याने एकच गोष्ट केली. डोलकाठीवर चढून केबलमधून अँटेना काढून टाकली, आणि वरून ओरडला, "आता मीटर बघा काका."

मीटर अजूनही १.३ दाखवत होता.

अँटेना नाहीच, तरी सगळं फर्स्ट क्लास! तेव्हा आमच्या लक्षात आलं की मीटरने खोटं सांगितलं नव्हतं, आम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता.

लाट परत आली नाही म्हणजे ती पोचली असं नव्हे

हे समजायला आपल्याला पुस्तक नको. लाट धक्क्याच्या भिंतीवर आपटली की परत फिरते. तीच लाट लांब, सपाट चिखलावर आली तर हळूहळू मुरते, परत काहीच येत नाही. पण म्हणून ती लाट पलीकडच्या काठाला पोचली असं कोण म्हणेल?

आपली केबल तशी चिखल झाली होती. सेटमधून २५ वॅट निघत होते. केबल त्यातले बहुतेक वाटेतच खात होती. जे थोडं वरपर्यंत जायचं ते परत येतानाही खाल्लं जायचं. मीटरला खाली बसून परत येणारं काहीच दिसेना, म्हणून तो "छान" म्हणायचा.

त्या यंत्राने आकडा काढला. वरचं टोक मोकळं ठेवलं तर चांगल्या आरजी-५८ केबलची १५ मीटर लांबी चॅनल १६ च्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झला, जाता-येता मिळून सुमारे ६ डेसिबल खाते. म्हणजे एका बाजूने ३. आमच्या केबलने खाल्ले १८, म्हणजे एका बाजूने ९. डेसिबलचं गणित वॅटमध्ये सांगतो:

• ३ डेसिबल गेले की २५ चे साधारण साडेबारा वॅट उरतात.
• ९ डेसिबल गेले की २५ चे जेमतेम ३ वॅट उरतात.

आणि फक्त बोलणंच नाही, ऐकणंही तेवढंच कमी होतं. कारण वरून येणारा आवाजही त्याच केबलमधून खाली येतो.

केबल काढून कापली. वरच्या टोकाला कनेक्टरवर नुसती प्लास्टिकची टेप गुंडाळलेली होती. तिथून पावसाचं आणि खारं पाणी आत शिरलं होतं. आतली तांब्याची जाळी काळी पडली होती, बोटाने चोळली की भुकटी. बाहेरून मात्र केबल अगदी व्यवस्थित दिसत होती.

मग ठरवलं, सगळ्यांची केबल एकत्र घ्यायची

कमिटीत ठरलं की सगळ्या ट्रॉलरना नवीन केबल एकदम घेऊ, म्हणजे भावही बरा मिळेल. दुकानातून दोन नमुने आणले. दोन्हींवर एकच छापलेलं: आरजी-५८, ५० ओहम. एक नमुना दुसऱ्यापेक्षा मीटरमागे बराच स्वस्त. खरं सांगतो, आमचा कल स्वस्ताकडेच होता. पैसे सभासदांचे आहेत, वाचले तर बरंच.

तो मुलगा म्हणाला, "घ्यायच्या आधी मोजूया."

आम्ही लगेच आमचा मल्टीमीटर काढला, ओहमवर लावला, एक पिन आतल्या तारेला, दुसरी जाळीला. मीटर काहीच दाखवेना. दुसऱ्या नमुन्यालाही तसंच. आम्ही म्हणालो, "हे बघ, ५० ओहम कुठे आहे?"

इथे बऱ्याच जणांची गफलत होते, म्हणून थोडं समजावून सांगतो.

५० ओहम म्हणजे नेमकं काय

आतली तार आणि जाळी यांच्यामध्ये प्लास्टिक आहे. चांगल्या केबलमध्ये तिथून वीज जाऊच नये. त्यामुळे मल्टीमीटरने काहीच न दाखवणं हेच बरोबर. ५० ओहम हा तारेचा साधा रेझिस्टन्स नाही. त्याला इम्पीडन्स म्हणतात. केबलमधून लाट धावत असताना त्या लाटेला जो विरोध जाणवतो तो हा आकडा. केबल एक मीटर असो की शंभर मीटर, आकडा तोच राहतो. आतली तार किती जाड, जाळी तिच्यापासून किती लांब, आणि मधलं प्लास्टिक कसलं, यावर तो ठरतो.

दोराचं उदाहरण घ्या. एक जाड दोर आणि एक बारीक दोर गाठ मारून जोडा. जाड दोराचं टोक हातात घेऊन एक झटका द्या. दोरावरून कुबड धावत जाईल. गाठीशी पोचलं की थोडं कुबड पुढे बारीक दोरावर जाईल, थोडं उलटं फिरून तुमच्या हाताकडे येईल. दोन्ही दोर एकाच जाडीचे असतील तर कुबड न अडखळता सरळ पुढे जाईल. आपला वायरलेस सेट ५० ओहमचा, अँटेना ५० ओहमची. मधला दोरही ५० चाच हवा. टीव्हीची केबल ७५ ओहमची असते, तो वेगळ्या जाडीचा दोर.

आता हा आकडा घरच्या घरी कसा काढायचा? तीन रस्ते सांगतो, स्वस्तापासून सुरुवात करून.

पहिला रस्ता: कॅलिपर

केबलचं टोक सोला. आतल्या तांब्याच्या तारेची जाडी मोजा. मग त्यावरच्या प्लास्टिकची जाडी मोजा, म्हणजे जाळीच्या आतल्या गोल पांढऱ्या भागाची. मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागा.

प्लास्टिक घट्ट, मेणबत्तीसारखं असेल तर:
• उत्तर ३.३ ते ३.५ च्या आसपास आलं तर केबल ५० ओहमची.
• उत्तर साडेसहाच्या आसपास आलं तर ७५ ओहमची.

प्लास्टिक फोमचं, नखाने दबणारं असेल तर ५० साठी उत्तर साधारण २.७ येतं, आणि ७५ साठी साधारण ४.५.

खऱ्या आरजी-५८ मध्ये तार ०.९ मिलिमीटर आणि प्लास्टिक २.९५ मिलिमीटर. भागाकार ३.३. आमच्या महाग नमुन्यात तेवढाच आला. स्वस्त नमुन्याचं प्लास्टिक फोमचं निघालं, आणि भागाकार साडेचारच्या जवळ. तिथेच आमच्या कपाळाला आठी पडली. पण कॅलिपरवर एवढं मोठं बिल ठरवायचं नव्हतं.

दुसरा रस्ता: कपॅसिटन्स मोजणारा मल्टीमीटर

हजार-बाराशेच्या बऱ्याच मल्टीमीटरमध्ये कपॅसिटन्स मोजायची सोय असते, नॅनोफॅरडमध्ये. नेमकी १० मीटर केबल मोजून घ्या. दूरचं टोक मोकळं ठेवा, तिथे जाळी आणि तार एकमेकांना लागू देऊ नका. जवळच्या टोकाला एक पिन तारेला, एक जाळीला. आधी नुसत्या पिनांचा जो आकडा दिसतो तो वजा करा.

१० मीटरला साधारण असं दिसलं पाहिजे:
• १ नॅनोफॅरड: ५० ओहम, घट्ट प्लास्टिक.
• ०.७८ नॅनोफॅरड: ५० ओहम, चांगला फोम.
• ०.६७ नॅनोफॅरड: ७५ ओहम, घट्ट प्लास्टिक.
• ०.५३ नॅनोफॅरड: ७५ ओहम, फोम. डिशला वापरतात ती.

हिशेबाची रीतही सांगून ठेवतो. एका मीटरला किती पिकोफॅरड ते काढा. त्याला केबलच्या वेगाच्या आकड्याने गुणा. घट्ट प्लास्टिकमध्ये लाट प्रकाशाच्या ०.६६ पट वेगाने धावते, फोममध्ये साधारण ०.८ ते ०.८५ पट. मग ३३३६ ला त्या गुणाकाराने भागा. उदाहरण: १०० गुणिले ०.६६ म्हणजे ६६. ३३३६ भागिले ६६ म्हणजे साडेपन्नास ओहम. आपल्या कामाला एवढा अचूकपणा पुरे.

या रीतीत एकच अडचण. वेगाचा आकडा आपण गृहीत धरतो. फोम नेमका कसला, ते दुकानदारालाही माहीत नसतं. म्हणून तिसरा रस्ता.

तिसरा रस्ता: नॅनोव्हीएनए

त्या मुलाच्या खिशातलं यंत्र ते हेच. अँटेना आणि केबल तपासायची अशी यंत्रं पूर्वी लाखांत मिळायची, मोठ्या कंपन्यांच्या लॅबमध्येच दिसायची. जपानमधल्या एका हौशी माणसाने लहान यंत्राचा आराखडा बनवून सगळ्यांसाठी खुला ठेवला. २०१९ च्या सुमारास चीनमध्ये त्याची स्वस्त आवृत्ती निघाली आणि जगभरच्या हॅम मंडळींच्या हाती पोचली. आज आपल्याकडे साधारण पाच हजारांच्या आसपासपासून मिळते. एका फेरीच्या डिझेलपुढे हा खर्च काहीच नाही.

करायचं असं:

१. नमुन्यातून नेमकी १ मीटर केबल कापा. एका टोकाला कनेक्टर लावा, दुसरं टोक मोकळं.

२. यंत्रावर १ ते १०० मेगाहर्ट्झ अशी मर्यादा लावा. मग कॅलिब्रेशन करा. यंत्रासोबत तीन छोट्या टोप्या येतात: ओपन, शॉर्ट आणि ५० ओहमचा लोड. त्या एकेक करून लावायच्या आणि मेनूत तसं तसं दाबायचं. ही पायरी कंटाळा करून सोडू नका. वजनकाटा शून्यावर न आणता मासळी तोलण्यासारखं होईल ते.

३. केबल पहिल्या पोर्टला जोडा. पडद्यावर रिअॅक्टन्स हा प्रकार निवडा.

४. रेघ खालून वर येते आणि एका जागी शून्य ओलांडते. ती फ्रिक्वेन्सी लिहून घ्या. त्या जागी केबलची लांबी लाटेच्या बरोबर पाव भागाएवढी असते. घट्ट प्लास्टिकच्या १ मीटर केबलला ती ४९ ते ५० मेगाहर्ट्झ येते.

५. आता त्या फ्रिक्वेन्सीचा अर्धा करा. म्हणजे साधारण २५ मेगाहर्ट्झ. मार्कर तिथे न्या आणि रिअॅक्टन्सचा आकडा वाचा. पुढचं वजा चिन्ह सोडून द्या. जो आकडा दिसेल तोच केबलचा इम्पीडन्स.

बस, एवढंच. अर्ध्या फ्रिक्वेन्सीला केबल लाटेच्या आठव्या भागाएवढी असते, आणि मोकळ्या टोकाच्या केबलचा रिअॅक्टन्स तिथे तिच्या इम्पीडन्सइतकाच असतो. यात वेग गृहीत धरावा लागत नाही, उलट वेग फुकटात कळतो. पाव लाटेची फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये घ्या, केबलच्या मीटरमधल्या लांबीने गुणा, ७५ ने भागा. ४९.५ भागिले ७५ म्हणजे ०.६६.

महाग नमुना लावला: शून्य ४९ च्या पुढे, अर्ध्यावर आकडा पन्नासला चिकटून.

स्वस्त नमुना लावला: शून्य थेट ६२ मेगाहर्ट्झच्या जवळ. अर्ध्यावर, म्हणजे ३१ ला, आकडा चौऱ्याहत्तर.

वर काळ्या अक्षरात छापलेलं "५० ओहम", आणि आत टीव्हीची केबल. आम्ही दुकानदाराला यंत्रासह जाऊन दाखवलं. वाद घातला नाही. तो बिचारा स्वतःच चकित झाला, तोही आपल्यासारखा छापलेलंच वाचतो. त्याने नमुना परत घेतला.

खरं ते सांगतो, ७५ ने आभाळ कोसळत नाही

भीती घालायची म्हणून ही पोस्ट लिहिलेली नाही. नवी, कोरडी, चांगल्या जाळीची ७५ ओहमची केबल लावली म्हणून सेट मुका होत नाही. केबलच्या लांबीप्रमाणे सेटला एसडब्ल्यूआर १ पासून सव्वादोनपर्यंत कुठेही दिसू शकतो. सव्वादोनला साधारण १५ टक्के ताकद परत फिरते. काही सेट अशा वेळी स्वतःला वाचवायला आपली ताकद आणखी कमी करतात.

पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, अशा केबलवर मीटर काय म्हणतो ते लांबीवर ठरतं. एक मीटर कापलं की आकडा बदलतो, मेकॅनिक अँटेनाला दोष देतो, आणि मूळ कारण कोणालाच सापडत नाही. दोन, ज्याने छापताना खोटं छापलं त्याने जाळी तरी किती घातली असेल? स्वस्त नमुन्याची जाळी इतकी विरळ होती की आतली पन्नी उघडी दिसत होती. खाऱ्या हवेत ती किती टिकणार, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून इम्पीडन्स मोजणं ही केबलची ओळखपरेड समजा. नाव खरं निघालं तरच पुढची चौकशी.

जुनी केबल अशी तपासा

बसवलेली केबल काढायची गरज नाही. वर अँटेना सोडवा, टोक मोकळं ठेवा. खाली नॅनोव्हीएनए लावा, फ्रिक्वेन्सी १५६.८ मेगाहर्ट्झच्या आजूबाजूला ठेवून पुन्हा कॅलिब्रेशन करा, आणि लॉगमॅग हा प्रकार वाचा. येईल त्या आकड्याचा अर्धा म्हणजे केबल एका बाजूने जेवढं खाते ते. १५ मीटर आरजी-५८ ला उणे ६ च्या आसपास आलं तर ठीक. उणे १० च्या खाली गेलं तर केबल संशयित. आमच्यासारखं उणे १८ आलं तर ती केबल कपडे वाळत घालायला वापरा.

यंत्र नसेल तर साधा एसडब्ल्यूआर मीटरही चालेल, पण प्रश्न उलटा विचारा. वर अँटेना नसताना सेट एक वॅटवर ठेवून अगदी एक-दोन सेकंद बटण दाबा, आणि तेही चॅनल १६ सोडून दुसऱ्या मोकळ्या चॅनलवर. १५ मीटरच्या चांगल्या केबलला मीटर ३ च्या आसपास जायला हवा. दीडच्या खाली राहिला तर आनंद मानू नका, केबल बदला. २५ वॅटवर हा प्रयोग कधीही करू नका, सेट जळेल.

यंत्रातल्या ट्रान्सफॉर्म या सोयीने केबलमध्ये दोष किती मीटरवर आहे तेही दिसतं. त्यासाठी केबलच्या वेगाचा आकडा यंत्रात भरावा लागतो. तो वरच्या रीतीने काढलेला असतोच. लपवलेले जोड आम्हाला असेच सापडले.

सावधगिरी

• यंत्र केबलला जोडलेलं असताना त्याच केबलवर किंवा शेजारच्या ट्रॉलरवर कोणी बटण दाबू नये. यंत्र क्षणात मरतं.
• जोडण्याआधी केबलची आतली तार आणि जाळी एकदा एकमेकांना टेकवा. डोलकाठीवरच्या केबलमध्ये स्थिर वीज साठलेली असते.
• आभाळ गडगडत असेल तर हे काम नाही म्हणजे नाही.
• वरच्या कनेक्टरवर नुसती प्लास्टिकची टेप पुरत नाही. आधी आपोआप चिकटणारी रबराची टेप ताणून गुंडाळा, त्यावर साधी टेप. कनेक्टरच्या खाली केबलला एक छोटा लोंबता वळसा ठेवा, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल.
• केबल मध्येच कमी पडली तर जोड देऊ नका. पूर्ण नवीन लांबी टाका.
• परवडत असेल आणि डोलकाठी उंच असेल तर जाड आरजी-२१३ घ्या. १५ मीटरमध्ये २५ चे सुमारे १८ वॅट वर पोचतात. पण तीही आधी मोजूनच.

आता आम्ही काय करतोय

संस्थेने एक नॅनोव्हीएनए आणि एक कपॅसिटन्सवाला मल्टीमीटर घेतला आहे. दोन्ही कार्यालयात आहेत. प्रत्येक ट्रॉलरच्या केबलची एक नोंद आम्ही वहीत ठेवतोय: लांबी, इम्पीडन्स, १५६.८ ला किती खाते, आणि तारीख. पुढच्या बंदीत पुन्हा मोजू. आकडा घसरला की पाणी शिरलं हे समुद्रात जायच्या आधी कळेल.

ज्या मालकांची केबल अजून तपासायची आहे त्यांनी कार्यालयात नाव द्यावं. पैसे घेत नाही. फक्त डोलकाठीवर चढायला एक खलाशी पाठवा. स्वतःहून केबल विकत घेणाऱ्यांनी आधी एक मीटरचा नमुना आणून द्या, दहा मिनिटांत सांगतो. आपली तरुण पोरं शिकायला तयार असतील तर रविवारी सकाळी बसू. बारावी शिकलेल्या आम्हाला जमलं, त्यांना जमणारच.

आणि एक. चॅनल १६ हा गप्पांचा चॅनल नाही. तटरक्षक दल त्यावर कान ठेवून असतं. मोबाईलला रेंज असेल तर त्यांचा १५५४ हा क्रमांकही प्रत्येक खलाशाच्या फोनमध्ये हवा. पण रेंज कधी असेल, कधी नसेल. डोलकाठीवरून खाली येणारी ती बोटाएवढी केबल मात्र आपल्या हातात आहे.

त्या रात्रीच्या ट्रॉलरला आता नवीन केबल बसली आहे. चाचणीच्या दिवशी तांडेल काका नदीच्या तोंडाशी गेले आणि तिथून बोलले. आम्ही कार्यालयातल्या सेटवर ऐकत होतो. आवाज इतका स्वच्छ आला की मागे इंजिनाची धडधड आणि कोणाचं तरी खोकणंही ऐकू आलं.

आम्ही म्हणालो, "ऐकू येतंय काका, बोला."

ते म्हणाले, "काही नाही. एवढंच ऐकायचं होतं."

— सेक्रेटरी, आपली संस्था

(पोस्ट आपल्या तांडेलांना आणि खलाशांना वाचून दाखवा. शेजारच्या जेटीवरच्या ग्रुपवरही पाठवा, समुद्र सगळ्यांचा एकच आहे.)